दुबार पेरणीचं बी घरात आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. एका संस्थेला सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतल्या काही गावांत, दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्यांसोबत तीन वर्षं काम करायला निधी मिळालाय. आराखड्यात स्वयंचलित हवामान केंद्रं, ठिबक, शेततळी आणि बदलत्या हवामानात टिकतील अशी नवी पिकं, एवढं सगळं आहे. विचारणाऱ्या ताईंना हवंय ते इतकंच, की यातलं आधी काय घ्यायचं, काय सोडायचं, आणि गावं कशी निवडायची.

ताई, यादी जरा बाजूला ठेवा. त्या गावांतल्या कुठल्याही दहा घरांत जाऊन विचारा: मृगात पेरलं आणि नंतर पावसानं तीन आठवडे ताण दिला, तर दुसऱ्यांदा पेरायला घरात काय आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, ‘दुकानदार देतोय की उधारीवर.’ खरी अडचण तिथं आहे. जुलैत उधारीवर मिळतं ते दुकानात उरलेलं बी. भाव तो सांगेल तो. पीक निघालं की माल त्याच्याच काट्यावर जातो, आणि शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) पेरणीला हात पुन्हा रिकामाच. जूनमधला चुकलेला एक आठवडा असा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतो. पाऊस तुमच्या-माझ्या हातात नाही. पहिला डाव फसल्यावर दुसऱ्या डावासाठी बी, ओल, चारा आणि थोडा पैसा घरात उरेल एवढी व्यवस्था मात्र करता येते, आणि लहान शेतकऱ्याच्या बाबतीत बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं म्हणजे मला तरी तेवढंच समजतं. प्रत्येक कामाला ही कसोटी लावा, यादी आपोआप छोटी होईल.

दुष्काळ या भागाला नवा नाही. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर माणदेशात पाचशेच्या आसपास. १९७२, २००३, २०१२-१३, २०१८-१९ ही सालं इथल्या माणसाला तोंडपाठ असतात, आणि कमी पाण्यात पीक काढायचं कसं हे त्याला आपण शिकवायची गरज नाही. अडचण आहे ती पावसाच्या तऱ्हेची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच दिवसांत जिल्ह्याच्या पूर्वेला टँकर चालू होते. आणि त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागा झोडपल्या. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ ला उलटं झालं: मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, आणि इकडं रान तापायच्या, मशागत व्हायच्या आतच चिखल. नक्षत्रांवर बसवलेलं जुनं वेळापत्रक अशा सालांत कामाला येत नाही. दुसरं वेळापत्रक अजून कुणाकडं नाही, हवामान खात्याकडंही नाही.

आता प्रयोगांबद्दल. दोन एकरवाला नवं काही घ्यायला तयार होत नाही, तेव्हा त्याला जुनाट म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. मला ते कधी पटलं नाही. त्याचा हिशेब बरोबर असतो: प्रयोग जमला तर चार पोती जास्त, फसला तर वर्षाची भाकरी गेली. म्हणून निधीतली पहिली तरतूद ही करा, की प्रयोगाचा तोटा संस्था सोसेल. प्रयोग दहा गुंठ्यांपेक्षा मोठा नको. शेजारच्या रानात त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं जेवढं पिकेल, त्यापेक्षा प्रयोगाच्या तुकड्यात कमी आलं तर फरकाचं धान्य आणि कडबा संस्थेनं भरून द्यायचा. हे कागदावर, ग्रामसभेत वाचून दाखवलेलं असावं. धान्यात बोला, पैशात नको. पैशात भाव कोणता धरायचा यावर भांडणं होतात. ही एक अट घातली की कोणते प्रयोग करायचे याबाबत तुमची माणसंही बरीच जपून बोलायला लागतील. ते चांगलंच आहे.

पेरणीचा निर्णय हा वर्षातला सगळ्यात महागडा निर्णय. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हे शेतकऱ्याला माहीत असतं. तरी तो पंचवीस-तीस मिलिमीटरवर पेरतो, कारण ट्रॅक्टरवाला आज वस्तीवर आलाय आणि आज नाही म्हटलं तर परत आठ दिवस फिरकणार नाही. बैल राहिले नाहीत, तिफण (बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार) गोठ्याच्या वळचणीला पडून आहे. म्हणजे अडचण ज्ञानाची नाही, अवजाराची आहे. चार-पाच वस्त्यांत मिळून पेरणीयंत्र आणि छोट्या ट्रॅक्टरचं भाडं ठरवून ठेवणं, आणि ‘थांबलात तरी तुमचा नंबर जाणार नाही’ अशी नोंदवही ठेवणं, याचा उपयोग मोबाईलवर रोज आलेल्या सल्ल्यापेक्षा जास्त होतो.

हवामान केंद्र मी यादीतून काढेन. महसूल मंडळात (काही गावं मिळून होणाऱ्या महसुली विभागात) सरकारचं स्वयंचलित केंद्र असतंच, आणि अतिवृष्टीच्या मदतीला मोजतात तो त्याच केंद्राचा पाऊस. तुमच्या केंद्राचा आकडा कुणी विचारणार नाही. पण जतसारख्या पसरलेल्या तालुक्यात एका वस्तीवर ओढा वाहतो आणि दोन किलोमीटरवर धूळ उडत असते. तेव्हा त्या पैशात प्रत्येक वस्तीवर साधं प्लास्टिकचं पर्जन्यमापक द्या. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर, खांबावर बसवा. सकाळी साडेआठला शाळेतल्या पोरानं वाचायचं आणि देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहायचं. एक जूनपासूनची बेरीज खाली. भिंतीवर ४२ लिहिलेलं दिसलं की नवऱ्याला ‘थांब’ म्हणायला बायकोला जोर येतो. अंदाजासाठी ‘मेघदूत’ ॲप आहे. मंगळवार-शुक्रवारचा सल्ला गटात कुणीतरी वाचून दाखवला तरी पुरे. पण आकडा कितीही झाला असला तरी शेवटी ओल बघायची ती हातानं. वितभर खणून तळाची माती मुठीत दाबा, लाडू बांधला जातो का आणि बोटानं टोचल्यावर फुटतो का ते बघा. वर चिखल आणि खाली कोरडं असेल तर भिंतीवरचा आकडा विसरा.

दुबार पेरणीच्या बियाण्याची पेढी बचत गटाच्या बायकांकडं द्या. पुरुषांच्या मंडळाकडं दिलेलं बी लग्नसराईत कुठं जातं ते विचारू नका. पेढीत काय असावं? मूग-उडीद जुलैच्या मध्यानंतर पेरण्यात अर्थ नाही. बाजरी जुलैअखेरपर्यंत चालते, शक्यतो तुरीसोबत. हुलगा (कुळीथ), सूर्यफूल, तूर, एरंडी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातही चालतात. म्हणजे हुलगा, तूर आणि बाजरी एवढं ठेवलं तरी बरंच भागतं. इथं संस्था एक घोळ हमखास घालतात: संकरित बाजरीचं बी साठवून पुढच्या वर्षी वाटतात. संकरित बी घरचं धरून चालत नाही. बाजरी धरायची तर ‘धनशक्ती’सारखा सुधारित वाण घ्या, आणि बी धरायचं ते रानाच्या मधल्या भागातल्या कणसांचं, कारण बाजरीचं परागीभवन वाऱ्यावर होतं आणि बांधालगतच्या कणसांत शेजाऱ्याचा वाण मिसळतो. एप्रिल-मेमध्ये उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्यानं उगवलेले मोजायचे. पलूस-कडेगावकडं सोयाबीनला हेच करतात. सत्तरच्या खाली उगवण आली तर बी बदलतात किंवा एकरी प्रमाण वाढवतात. (सोयाबीनचे फुले संगम, फुले किमया हे वाण आपल्याच कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे, तांबेरा रोगाला बऱ्यापैकी तोंड देतात. पण तुमच्या गावांत सोयाबीन नेऊ नका. तिथल्या मुरमाड रानाचं ते पीक नव्हे.)

तुमच्या भागाचं खरं पीक शाळू आहे, आणि सगळ्या आराखड्यांत सगळ्यात कमी शब्द शाळूवर असतात. कदाचित त्यात फीत कापण्यासारखं काही नसतं म्हणून. खरिपाचा पाऊस कितीही वेडावाकडा पडो, तो रानात मुरवून ठेवता आला तर रब्बीत ज्वारी त्यावर निघते. खरिपात मोकळं राहणारं रान असेल तर जुलैतच उताराला आडवे सारे पाडून, मध्ये मध्ये आडवे वरंबे घालून दहा-बारा फुटांचे वाफे करून ठेवायचे. पडलेलं पाणी जिथल्या तिथं थांबतं, माती वाहत नाही. कष्टाचं काम आहे, पण बैलजोडी किंवा छोटा ट्रॅक्टर असेल तर एकरी खर्च फार नाही, आणि पहिल्याच वर्षी फरक दिसतो.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. वाण जमिनीच्या खोलीवर ठरवा: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी काळीला फुले वसुधा. शेतकरी म्हणेल मालदांडीच बरी, भाकरी पांढरी होते आणि कडबा गोड असतो. त्याच्याशी वाद घालू नका. दुष्काळी भागात कडब्याची किंमत कधीकधी दाण्यांपेक्षा जास्त येते. ताटं बुटकी आणि दाणे जास्त असा वाण तुम्ही नेलात तर तो जनावरांच्या दृष्टीनं तोट्याचा सौदा आहे, आणि हे त्याला तुमच्यापेक्षा लवकर कळतं.

मग कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्यानं वरवर मोकळी करणं. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीच्या कोळप्यानं, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्यानं, आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. तिसरी कोळपणी लोक हल्ली सोडून देतात, कारण तोवर तण राहिलेलं नसतं. ती तणासाठी नसतेच. त्या वेळेला काळ्या रानाला भेगा पडायला लागतात, बोट जाईल एवढ्या, आणि प्रत्येक भेगेतून खालची ओल उडून जाते. दातेरी कोळपं वरची माती भुसभुशीत करून त्या भेगा बुजवतं. सकाळी ऊन चढायच्या आत कोळपून झालेल्या ओळीत दुपारी हात घालून बघा आणि शेजारच्या न कोळपलेल्या ओळीत बघा. थंडावा हाताला कळतो. म्हातारी माणसं ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ म्हणतात ते यासाठी. गावात दातेरी कोळपी किती घरांत आहेत ते मोजा. लोहाराकडून पंचवीस-तीस करून घेतलीत तर तीन वर्षांच्या निधीतला तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा खर्च ठरेल.

शाळूला एखादं पाणी देता आलं तर ते पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी), पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी. इथं शेततळ्याचा विषय येतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण चार हजार लिटर. पन्नास मिलिमीटरचं एक पाणी म्हणजे दोन लाख लिटर. वीस बाय वीस मीटरचं, तीन मीटर खोल, उतरत्या कडांचं तळं काठोकाठ भरलं तर आठ-साडेआठ लाख लिटर. म्हणजे चार एकर शाळूचं एक पाणी. नोव्हेंबरअखेर वापरलं तर बाष्पीभवनात फारसं जात नाही. तेच पाणी बागेसाठी मेपर्यंत राखायचं म्हटलं की दिवसाला पाच ते आठ मिलिमीटर उडत राहतं आणि उन्हाळा संपेपर्यंत मीटर-सव्वा मीटर पाणी हवेत गेलेलं असतं. आणि हिशेबात न धरलेली गोष्ट अशी, की आपल्याकडची बरीच कागद अंथरलेली तळी पावसानं भरतच नाहीत. बोअर चालवून भरतात. हा काळ्या दगडाचा मुलूख. पाणी वरच्या मुरमाच्या आणि फुटक्या खडकाच्या थरात असतं. आठशे फुटांवर गेलं म्हणून जास्त मिळेल असं काही नाही. एकानं तळं भरलं की ओढ्याकडच्या चौघांच्या विहिरी डिसेंबरातच तळाला जातात. त्यामुळं तळ्याला पैसे द्याच, पण अट घाला: ओढ्याच्या किंवा रानाच्या वाहून जाणाऱ्या पाण्यावर भरणारं असेल तरच. बोअरवर भरणार असेल तर नको. गावात यावरून नाराजी होईल, तेवढी घ्यावी लागेल.

म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी जिथं पोचलंय तिथला प्रश्न वेगळा. पाणी आलं की ऊस येतो. आडसाली ऊस दीड वर्ष रानात, आणि आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) कधी मिळेल, वीजबिलामुळं पंप कधी बंद पडतील याचा भरवसा नाही. लहान शेतकऱ्यानं अर्ध्या एकरापुढं ऊस करू नये असं मी सांगतो. ऐकत फार कमी जण. पाणी वाटून घ्यायची परंपरा याच जिल्ह्यात आहे हे मात्र बैठकीत जरूर सांगा. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदूळवाडीला शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधलं आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा हे तत्त्व धरलं. पुढं श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आटपाडीत समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली ती त्याच वाटेनं. दूरच्या राज्यांतली उदाहरणं पडद्यावर दाखवण्यापेक्षा एक गाडी करून लोकांना बलवडीला घेऊन जा.

द्राक्ष-डाळिंबाबद्दल थोडक्यात, कारण तुमचा गट तो नाही. नवी बाग लावायला कुणालाही उत्तेजन देऊ नका. ज्याची आहे त्याच्यासाठी ऑक्टोबर छाटणी एकाच तारखेला न घेता दोन टप्प्यांत घ्यायला लावा, म्हणजे अवकाळीत सगळी बाग एकाच नाजूक अवस्थेत सापडत नाही. एप्रिल छाटणीनंतर ढगाळ हवा राहिली की पुढच्या सालचे घडच कमी तयार होतात, त्याला औषध नाही. त्या वर्षी फवारणीचा खर्च आधीच आखडता घ्यायचा. प्लास्टिक आच्छादन दोन एकरवाल्याच्या आवाक्यात नाही, विषय संपला.

चाऱ्याकडं मात्र नीट लक्ष द्या. पाऊस लांबला की पहिलं विकलं जातं ते जनावर, आणि सगळा गाव एकाच आठवड्यात विकायला निघतो म्हणून भाव पडतो. पाऊस झाल्यावर तेच जनावर दीडपट-दुपटीनं घ्यावं लागतं. हा तोटा कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. ज्या वर्षी पाणी बरं असेल त्या वर्षी दहा गुंठे मका करून मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) भरायचा. दाणा दुधाळ सरून चिकात आला की कापायचा, अर्धा-पाऊण इंचाची कुट्टी करायची, पिशवीत थराथरानं भरून पायानं दाबत जायचं. हवा राहिली तर बुरशी येते. पिशवीला उंदरानं छोटं भोक पाडलं तरी तेवढा भाग वाया जातो. दीड महिन्यात तयार होतो आणि न उघडता वर्षभर टिकतो. कुट्टीयंत्र गटाचं असावं. दोन गाई आणि पाच-सहा शेळ्यांच्या घराला पाच-सहा टन मुरघास असला तर ताणाचे दोन-अडीच महिने निभतात. माडग्याळ मेंढरांच्या कळपाला हे लागू होत नाही. मेंढपाळ चाऱ्याकडं चालत जातो, आणि त्याची चराऊ रानं कुंपणं घालून बंद करणारी वनीकरणाची योजना तुमच्या आराखड्यात असेल तर ती आधी काढा.

कागदपत्रांचं काम कुणालाच आवडत नाही, पण पैसा तिथं अडकतो. अतिवृष्टी धरतात ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढं पाऊस झाला तर. मदत मिळते ती नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर. सातबारा आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही, खातं सामाईक, एक भाऊ पुण्यात. अशा घरात मदत आली तरी चार सह्यांसाठी पडून राहते. वाट्यानं कसणाऱ्याचं तर नावच कुठं नसतं. ई-पीक पाहणीत पीक नोंदलेलं नसेल तर पुढं विमा आणि मदत दोन्हीकडं अडचण. एक रुपयातला विमा २०२५ पासून बंद झालाय. आता खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना पाच टक्के हप्ता आहे, त्यामुळं विमा काढावा की नाही हा खरंच विचार करायचा प्रश्न झालाय. शाळूचा काढा. बाकीच्याचं मागच्या काही वर्षांत त्या मंडळात काय मिळालं ते कृषी कार्यालयात विचारून ठरवा. गावातली बारावी झालेली एक मुलगी मानधनावर नेमा. तिचं काम एवढंच: वारस नोंदी, ई-पीक पाहणी, बँकेची केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक. वर्षभरात तिनं ज्या घरांची कामं मार्गी लावली, ती घरं तुमच्या प्रत्येक बैठकीला येतील.

गावं निवडताना कालव्याच्या शेपटाकडची किंवा कालवाच न पोचलेली घ्या. रस्त्यालगतची, सरपंच बोलका असलेली गावं सगळ्याच संस्था घेतात. तिथं एका शेतकऱ्याच्या रानात तीन संस्थांचे फलक लागलेले मी पाहिलेत. आणि तीनपेक्षा जास्त गावं पहिल्या वर्षी नकोत.

सुरुवात पुढच्या जूनची वाट न बघता आताच शाळूपासून करा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहार आणि मोजपट्टी घेऊन रानं फिरा, मुरूम किती फुटांवर लागतो ते शेतकऱ्यासमोर मोजा आणि त्यावर वाण ठरवा. लोहाराला कोळप्यांची ऑर्डर त्याच आठवड्यात द्या. दिवाळीच्या आसपास त्याच्याकडं ऊसतोडीच्या कोयत्यांची गर्दी असते, मग तुमचं काम मागं पडेल.